वन्संच्या पायांवर

आमच्या गल्लीतली एकूण एक पोरं बनुवन्संच्या पायांवर न्हालेली. माझे मालकसुद्धा. ते जन्मले तेव्हा वन्सं आठ वर्षांच्या होत्या आणि त्यांचे पाय लुळे पडून चार वर्षं झाली होती. चार दिवस ताप आला, उतरला आणि पाचव्या दिवशी उठायला गेल्या तर कमरेखालचं काही उठेना. पारनेरला नेलं, देवाला नेलं, कोंबडं उतरून टाकलं. पाय राहिले ते तसेच राहिले, मनगटाएवढे बारीक.

मालकांच्या वेळी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बाळंतपण जड गेलं होतं. पोर पायावर घ्यायची ताकद नव्हती. घरात दुसरी बाई नव्हती. तेव्हा त्यांनी लेकीला पाटावर बसवलं, तिचे पाय हातांनी उचलून लांब करून ठेवले आणि पोर त्यावर पालथं घातलं. पोर घसरलं नाही, रडलं नाही. शेजारच्या गोजरबाईनं ते पाहिलं आणि पुढच्या साली आपलं पोर घेऊन आली. तेव्हापासून ते काम वन्संचंच झालं.

"तुमच्या पायाला घाई आसती," त्या बायकांना म्हणायच्या. "माज्या पायाला कुटं जायचंच न्हाई. पोराला ते बराबर कळतं."

मी लग्न होऊन खडकमाळला आले तेव्हा वन्सं तिशीच्या होत्या. दोन्ही तळहातांना टायरचे तुकडे बांधून, अंग उचलत उचलत सगळीकडे फिरायच्या. चुलीकडचा उंबरा मालकांनी तासून जमिनीला मिळवून घेतला होता. पाण्याचा माठ हाताला येईल असा खाली पुरला होता. गल्लीतल्या गटारीवर एक फरशी टाकलेली होती, ती केवळ वन्संसाठी. कुणी ठराव केला नव्हता की कुणी अर्ज केला नव्हता. कुणीतरी एकदा फरशी टाकली आणि ती हलली तर जाणारा येणारा पायानं नीट करायचा. दळण, निवडण, पोरांची टाळू भरणं, भांडणं सोडवणं आणि लावणं, हे सगळं त्या बसल्या जागी करत. गल्लीत कुणाची सून कशी वागते, हे सासूच्या आधी त्यांना कळायचं.

माझी हिरा दिवाळीत झाली, एकोणीसशे बाहत्तरच्या. तिच्या कानात नाव वन्संनीच सांगितलं. आत्याचा तो मान. बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले, तर म्हणाल्या, "हळू गं, पळून जाता येत न्हाई मला." सगळ्या हसल्या. घरात तेव्हा शिजवायला रेशनची लाल मिलो ज्वारी होती आणि पिण्याला दोन हंडे पाणी. त्या साली पाऊस आमच्याकडं फिरकलाच नव्हता. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली, ज्वारी पेरलीच नाही.

हिराची अंघोळ एका तांब्यात व्हायची. वन्सं पाय लांब करून परातीत बसायच्या, मी धार धरायची आणि परातीत साठलेलं पाणी शेळीला जायचं. महिन्याभरात तो तांब्याही परवडेना. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी पोरं आणणं केव्हाच थांबवलं होतं. तेल नाही, पाणी नाही, कशाला आणतील. वन्सं सकाळी सवयीनं पाट मांडायच्या, थोडा वेळ बसायच्या आणि पाट पुन्हा भिंतीला टेकवून ठेवायच्या.

गावाबाहेर खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं. सगळं गाव तिकडं लोटलं. दिवस उगवायला निघायचं आणि मावळतीला यायचं. मी ओली बाळंतीण. दोन महिन्यांची पोर कडेवर घेऊन दगडाच्या ढिगापाशी बसले तर हातोडी उचलेना. पहिल्या दोन दिवसांत डाव्या हाताची दोन बोटं ठेचून घेतली. तिसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "मला न्ये. बसूनच करायचं काम हाय. बसन्यात माज्याइतकं कोन वाकबगार हाय गावात?"

मालकांनी त्यांना पाठंगुळी घेतलं. मुकादम छगन आमच्याच गावचा, पण हातात हजेरीचं मस्टर आल्यापासून त्याचं बोलणं बदललं होतं. धडधाकट माणसाचंच नाव लागतं, वर तसा हुकूम आहे, असं त्यानं मालकांना सांगितलं. वन्संनी भावाच्या खांद्यावरूनच त्याला विचारलं, "छगन, तुला कुनी न्हाऊ घातलं रं?"

छगन्यानं दगडांच्या ढिगाकडं हात केला. शेवटी त्यानं त्यांना बसू दिलं. नाव माझं लागलं, हातोडी वन्संची चालली. एका कडूलिंबाखाली त्या बसायच्या, समोर दगडांचा ढीग, बाजूला गोधडीवर गल्लीतली पाच-सहा तान्ही पोरं. एक डोळा दगडावर, एक पोरांवर. आयुष्यभर अंग हातांवर उचलून उचलून त्यांचे दंड गड्यासारखे झाले होते. हातोडी एकदा बसली की दगडाचे तुकडे सारखे पडायचे. माझ्या नावाचा ढीग सगळ्यांत आधी भरायचा. दुपारी सुकडी वाटायला यायचे तेव्हा मात्र मस्टरात नाव नाही म्हणून वन्संना हात पुढं करता यायचा नाही. माझ्या वाट्यातली अर्धी मी द्यायची. त्या म्हणायच्या, पोरीला दूध यायला पाहिजे, तू खा, आणि त्यातली अर्धी परत करायच्या.

पुढं काही वर्षांनी ऐकलं की सरकारी कामावर लेकरं सांभाळायला एक बाई धरायची असा नियम झाला. तो नियम वाचून दाखवला कुणीतरी, तेव्हा मी तवा उतरवून ठेवला आणि बाहेर जाऊन बसले. त्या साली तो असता तर वन्संचं नाव सगळ्यांत वर लागलं असतं.

माघ संपता संपता नगरहून एक साहेब पाहणीला आला. चांगला माणूस असावा. लिंबाखाली लुळी बाई दगड फोडतेय हे पाहून त्याला वाईट वाटलं. अशा बाईकडून काम करून घेता, लाज नाही का वाटत, म्हणून त्यानं छगनला सगळ्यांदेखत झापलं. हिच्याऐवजी खोटं नाव लावलंय का, असं विचारल्यावर छगननं मस्टर मिटून काखेत धरलं. साहेबानं वन्संना समजावून सांगितलं की तुमच्यासारख्यांनी काम करायचं नसतं, तुमच्यासाठी सरकार घरबसल्या धान्य देतं, तलाठ्याला भेटा.

वन्सं तलाठ्याला भेटल्या. म्हणजे मालकांनी त्यांना तिथवर नेलं. तलाठ्यानं सांगितलं, भाऊ कमावता आहे, भावजय कामावर आहे, मग फुकट धान्य कसं देऊ? ते ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी.

परत येताना त्या भावाच्या पाठीवर हसत होत्या. "लुळी म्हनून काम न्हाई," त्या मालकांना नाव घेऊन म्हणाल्या, "आन् भाऊ हाय म्हनून धान्य न्हाई. शिरमंत, तू तरी मर न्हाईतर मला तरी पाय दे."

मालकांनी त्यांना पाठीवर नीट सावरून घेतलं आणि चालत राहिले. ते तसेही कमी बोलायचे.

त्यानंतर वन्सं घरी एकट्या राहायला लागल्या. गल्लीच रिकामी. म्हाताऱ्या आत्याबाईसुद्धा पाट्या वाहायला यायच्या. आम्ही सकाळी माठात तांब्याभर पाणी ठेवून जायचो. लिंबाखाली आता पोरं नुसतीच रडायची आणि माझी हिरा माझ्या मांडीवर धूळ खात निजायची. माझा ढीग भरेना.

चैत्रातली गोष्ट. आम्ही तिन्हीसांजेला परत आलो तर वन्सं ओट्यावर बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. दुपारी गावात पाण्याची गाडी आल्याचा गलका त्यांनी ऐकला होता. कळशी कमरेला दोरीनं बांधून त्या वेशीपर्यंत गेल्या. टायरचा एक तुकडा वाटेत सुटला, तो उचलायला थांबलं तर गाडी जाईल म्हणून तशाच पुढं गेल्या. उन्हानं तापलेल्या खडीवरून. पोचल्या तेव्हा गाडी गेलेली होती. तळहाताची कातडी पापडासारखी सुटून आली होती. कळशी अजून कमरेलाच होती.

आत्याबाईंनी हाताला तूप लावायला गाडगं उपडं केलं, त्यात काही नव्हतं. वन्सं म्हणाल्या, "पाय तर आधीच गेलं. आता हाताचं बी पाय करून घालवलं बग मी."

त्याच आठवड्यात कामावर पटकीची लस टोचायला माणसं आली. त्यांच्यात रोझी नावाची नर्स होती, श्रीरामपूरकडची, पांढऱ्या लुगड्यातली, सावळी, हसरी. मीच तिला दुपारी घरी घेऊन आले, वन्संचे हात दाखवायला. तिनं हातांना मलम लावलं आणि मग न विचारता पायांवरचं लुगडं वर सारून पाय दाबून पाहिले, गुडघा वाकवून पाहिला. असं कुणी त्या पायांना औषधाच्या नजरेनं हात लावल्याला कित्येक वर्षं झाली असतील. वन्सं लाजल्या.

रोझी सिस्टर मला बाहेर घेऊन गेली. श्रीरामपूरच्या बाजूला त्यांच्या ख्रिस्ती मंडळींनी चालवलेलं अपंगांचं सदन होतं. दोन वेळचं जेवण, नळाचं पाणी, शिवणकाम, लिहायला-वाचायला शिकवतात. डॉक्टर येतात. पायांना लोखंडी पट्ट्या करून देतात, त्यावर माणूस उभं राहतं. ती म्हणाली, "बाई, या उभ्या राहू शकतील. खरंच सांगते. फक्त एक आहे. आमच्याकडं जागा थोडी आहे. ज्यांना कुणीच नाही, त्यांनाच घेतात."

रात्री मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, तिला कुणी नाही कसं, मी आहे. मी म्हणाले, हो, पण तिथं पाणी आहे. आत्याबाई अंधारात बसून होत्या. त्या म्हणाल्या, "पावसापुरतं न्हेऊ दे. पाऊस झाला की आनू."

आज मला कुणी विचारलं की तू हे का केलंस, तर मी म्हणेन, वन्संचं भलं व्हावं म्हणून. ते खरं आहे. आणि घरातली एक भाकर वाचत होती, हेही खरं आहे. दोन्ही एकाच मनात होतं. त्यातलं कुठलं पुढं होतं, ते मी तेव्हा पाहिलं नाही.

सरपंच आप्पासाहेबांच्या ओट्यावर दाखला लिहिला गेला. वन्सं घरीच होत्या. आप्पासाहेब लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. सदर बाई जन्मापासून आमच्या गावची रहिवासी असून पायाने अपंग आहे, निराधार आहे, तिला जवळचे अथवा दूरचे कोणीही नातेवाईक नाहीत. दूरचेसुद्धा नाहीत, हे ऐकल्यावर मालक उठले आणि बैलांना पाणी दाखवून येतो म्हणून गेले. बैल तर महिन्याभरापूर्वीच गुरांच्या छावणीवर नेऊन बांधले होते.

साक्षीदार दोन लागत होते, नात्यातले नकोत. एक सही छगननं केली. दुसरी करायला कुणी पुढं येईना. गोजरबाईचा नवरा म्हणाला, मला यात घालू नका. मी चौथीपर्यंत शिकलेली, सही करता येणारी गल्लीतली एकटी बाई. मी म्हणाले, मी करते, माहेरचं नाव लिहिते. आप्पासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग कागद माझ्याकडं सरकवला. लग्नानंतर तीन वर्षांत मी पहिल्यांदाच बापाचं नाव लिहिलं आणि चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं. अक्षर नीट आलं याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

घरी आले तर वन्संनी विचारलं, "काय लिवलं कागदावर?"

"तुमचं नाव, गाव, वय," मी म्हणाले.

"वय किती लिवलं?"

"पस्तीस."

"दोन वाढीवलीस की गं," त्या म्हणाल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी पाट धुवायला सांगितलं. तांब्याभर पाणी होतं, ते मी त्यांच्या हातापायांना ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, पोरीला आण. हिराला पायांवर घेऊन त्यांनी नीट न्हाऊ घातलं, अगदी सावकाश, पहिल्या दिवसासारखं. पोर डोळे मिटून पडली होती. मग त्यांनी तिला माझ्याकडं दिलं आणि मालकांच्या पाठीला हात घातले.

पारनेरला एसटीत चढताना कंडक्टरनं विचारलं, "हिचं अर्धं तिकीट काढायचं का?" गाडीत दोघं-तिघं हसले. वन्सं पाठीवरून म्हणाल्या, "काढ की अर्धं. बसायला तेवडी आख्खी जागा दे." मग गाडी मोठ्यानं हसली आणि एका म्हातारबाबांनी खिडकीची जागा सोडली. हे मला मालकांनी नंतर सांगितलं. सदनाच्या फाटकात त्यांना खाली ठेवलं तेव्हा त्या काय म्हणाल्या, ते मात्र पुष्कळ दिवसांनी सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "पाऊस झाला की लगेच ये. बाजरीच्या पेरनीला पोरं लई रडत्यात, बाया रानात आसत्यात."

पाऊस ज्येष्ठात झाला. पेरणी निघाली. छावणीवरनं बैल आणले, त्यातला एक वाटेतच बसला, तो उठला नाही. शेजाऱ्याचा बैल मागून, पाळीपाळीनं पेरलं. पेरणी झाली की आणू, असं ठरलं. मग खुरपणी आली. घरात तर दाणा नाही, आल्या तर खातील काय, पीक येऊ दे, असं आत्याबाई म्हणाल्या. मीही म्हणाले.

आषाढात सरपंचांच्या नावावर एक कार्ड आलं, रोझी सिस्टरच्या अक्षरातलं. बनुबाईंना पट्ट्या बसवल्या आहेत, भिंतीला धरून उभ्या राहतात. आप्पासाहेबांनी ते घरी पाठवलं. आत्याबाईंनी कार्ड डोळ्यांना लावलं.

भाद्रपदात दुसरं कार्ड आलं. त्यावर पत्ता सिस्टरच्या अक्षरातला होता, पण मजकूर दुसऱ्या हाताचा. मोठी मोठी अक्षरं, ओळ वर चढत गेलेली, एक काना सुटलेला. एवढंच लिहिलं होतं, पाऊस झाला का.

मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. वन्सं लिहायला शिकल्या, म्हणून सगळे खुलले. गोजरबाई आली, तिनं ते अक्षर हातात घेऊन पाहिलं. मालकांनी कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं. कौतुकाच्या भरात आमच्या एकाच्याही मनात आलं नाही की तो प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यायचं असतं. कार्ड लिहायला मला दोन ओळी लागल्या असत्या. मला लिहिता येत होतं. दाखल्यावर सही करताना तर चांगलंच आलं होतं.

बाजरी खळ्यातून घरी आली, कणग्या भरल्या आणि कार्तिकात आम्ही निघालो. मालक, मी आणि कडेवर वर्षाची हिरा. नव्या बाजरीच्या भाकरी बांधून घेतल्या होत्या. मालकांनी वन्संना पाठंगुळी बांधून घ्यायला नवं धोतर आणलं होतं, जुनं खांद्यावर कुजलं होतं म्हणून. श्रीरामपूरला उतरून पुढं पायी गेलो. कापसाच्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या.

सदनाचे प्रमुख एलिया सर म्हणून होते. पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. त्यांनी आम्हाला बसायला बाक दिला, पोरीला बिस्किट दिलं आणि कपाटातून एक फाईल काढली. बराच वेळ वाचून त्यांनी विचारलं, आपण कोण? मालक म्हणाले, भाऊ.

सरांनी कागद आमच्याकडं फिरवला. "यात तर लिहिलंय, कुणी नाही. तुमच्या सरपंचांचा शिक्का आहे. या बाई साक्षीदार आहेत, पुष्पावती. यांना ओळखता?"

"मीच ती," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले की गेल्या साली एका मुलीला मामा म्हणवणारे दोघं घेऊन गेले होते, पुढं ती मनमाडच्या स्टेशनावर भीक मागताना आमच्याच सिस्टरला दिसली. तेव्हापासून ते कागद पाहिल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. गावातून दुसरा दाखला आणा, आधीचा चुकीचा होता असं लिहून, मग बघू. आणि थोडं थांबून म्हणाले, पण आधी त्यांनाच विचारू.

व्हरांड्यातून आवाज आला. फरशीवर लोखंड टेकल्याचा, मग घासल्याचा, पुन्हा टेकल्याचा. वन्सं दारात आल्या. दोन्ही काखेत कुबड्या, लुगड्याखाली चामडी बूट, बुटांतून वर गेलेल्या सळया.

वन्सं उंच होत्या. हे आम्हाला माहीतच नव्हतं. मालक उठून उभे राहिले तर दोघांचे डोळे समोरासमोर आले. जन्मात पहिल्यांदा. नवं धोतर मालकांच्या खांद्यावर होतं, ते त्यांनी हळूच काढून मागं बाकावर ठेवलं.

सरांनी विचारलं, "बनुबाई, ही माणसं तुमची कोण?"

वन्संनी भावाकडं पाहिलं. हिराकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"गावची हायेत," त्या म्हणाल्या. "वळखीची."

मालक म्हणाले, "ताई."

"पाऊस झाला का?" वन्संनी विचारलं.

"झाला. बाजरी बी झाली."

"कवा झाला?"

"जेष्ठात."

वन्संनी मान हलवली. मग सरांच्या हातातल्या कागदाकडं बोट केलं. "त्यो वाचून दाकवू नका सर. मी वाचलाय. सिस्टरनं मला वाचाय शिकीवल्यावर पयला त्योच मागून घेतला. म्हनलं बगू तरी वय किती लिवलंय." आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वय पस्तीसच लिवलंय. तेवडं खरं सांगितलं हुतं तू."

मला वाटलं होतं की वन्सं रडतील, भांडतील, शिव्या देतील. त्यांची जीभ मला माहीत होती. त्या भिंतीला धरून बाकावर बसल्या, गुडघ्याजवळची कडी वर ओढली आणि म्हणाल्या, "पोरीला दे."

त्यांनी दोन्ही पाय हातांनी उचलून बाकावर लांब केले, तसेच, पाटावर करायच्या तसे. मी हिराला त्यावर पालथी घातली. वन्संनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हातांची कातडी नवी आली होती, मऊ, गुलाबी. पोर क्षणभर गप्प राहिली. मग तिच्या पोटाला सळईचा गारवा लागला असेल, किंवा बक्कल टोचलं असेल. ती आखडली आणि किंचाळून रडायला लागली. वन्संनी तिला सरळ केलं, लुगड्याचा पदर मध्ये घातला, पुन्हा ठेवून पाहिलं. पोर राहिना. तिनं माझ्याकडं हात केले.

वन्संनी तिला परत दिलं. "ह्या पायांना आता कुटंकुटं जायचं आसतं," त्या म्हणाल्या. "पोरीला कळलं ते."

भाकरी त्यांनी घेतल्या. मोडून नाकाशी नेल्या, बाजरी कुठल्या वावरातली म्हणून विचारलं. मग आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. आम्ही दोघं त्यांच्या मागं हळूहळू चालत होतो, कारण पुढं जाणं बरं दिसलं नसतं. फाटकाशी त्या थांबल्या, एका कुबडीवर भार दिला आणि आम्ही वळणापर्यंत जाईतो उभ्या होत्या. नगर येईपर्यंत मालक खिडकीबाहेर बघत होते. नवं धोतर बाकावरच राहिलं, हे मला पारनेरला उतरल्यावर आठवलं.

आप्पासाहेबांनी दुसरा दाखला लगेच लिहून दिला. शिक्का मारला. मालक तो घेऊन तीनदा गेले. वन्संनी दर वेळी त्यांना जेवायला घातलं, शिवणाची खोली दाखवली, आईचं विचारलं आणि यायला नको म्हणाल्या. गावात पुन्हा हातावर चालायला लावतील म्हणून नाही. सळया होत्याच की. का, ते आम्हाला कळत होतं. आत्याबाई गेल्या तेव्हा त्या आल्या, एका रात्रीपुरत्या, सिस्टरबरोबर. गटारीवरची फरशी तोवर कुणीतरी उचलून आपल्या दारात पायरी केली होती. त्या पलीकडं थांबल्या आणि मालकांनी गटारीवर पाट आणून टाकला.

त्याआधी, पंचाहत्तर साली, मला मुलगा झाला. पाऊसपाणी बरं होतं, घरात तेल होतं, घंगाळभर पाणी होतं. त्याला मी माझ्याच पायांवर न्हाऊ घातलं. तो घसरायचा. बारशाच्या दिवशी बायका जमल्या, पाळणा सजवला आणि नाव सांगायची वेळ आली तेव्हा गावात नवी आलेली एक सून म्हणाली, आत्याला बोलवा. आत्याबाई चुलीकडं गेल्या.

शेवटी गोजरबाई पुढं झाली, पाळण्यावर वाकली आणि पोराच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. नात्याची नव्हती. गावची होती, ओळखीची.